उघडी राहिलेली वाट

मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा महिपतराव इंगळे अंधारखोलीत होते, आणि दार उघडायची सोय नव्हती. एका टांगेवाल्याच्या मोडलेल्या हाताची एक्स-रे फिल्म त्यांनी नुकतीच औषधात सोडली होती. बाहेरून इंदुताईंनी दार ठोठावलं. इंदुताई बाळंतिणींच्या वॉर्डातल्या नर्स, एरवी मोठ्यानं बोलायच्याही नाहीत.

"महिपतराव, बाहेर या."

"जरा थांबा. दार उघडलं तर फिल्म काळी पडेल."

"मग आतूनच ऐका. विजयाबाई सुटल्या. मुलगी आहे."

"आज? अहो, अजून दोन महिने आहेत की!"

"म्हणून तर म्हणते, बाहेर या."

महिपतरावांनी दार उघडलं. टांगेवाल्याचा फोटो वाया गेला. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं. पण कारण कळल्यावर तो बिचारा रागावला नाही, उलट "बिटिया हुई है, तो मिठाई तो बनती है" म्हणून हसला. मिठाई वाटायची छाती मात्र तेव्हा इंगळ्यांच्या घरात कुणालाच नव्हती.

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं होतं आणि संस्थानची फौज भारताच्या सैन्यात मिसळली जात होती. शिंदे की छावनीतल्या घराघरांत एकच बोलणं चालायचं: कोण घेतला, कोण राहिला. महिपतराव राहिले होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांच्या मांडीत गोळी लागली होती, त्या पायानं ते लंगडत. पण त्याच दुखण्यात लष्करी इस्पितळात पडून असताना त्यांनी एक्स-रेचं काम शिकून घेतलं होतं. सुरुवातीला वेळ जात नाही म्हणून, आणि मग गोडी लागली म्हणून. वर्दी उतरवल्यावर ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या सरकारी इस्पितळात त्यांना तेच काम मिळालं. तीन पिढ्या घोड्यावर बसलेल्या घराण्यातला माणूस आता लोकांची हाडं बघतो, असं भाऊबंद हसत म्हणत. महिपतरावांना त्याचं काही वाटत नसे.

पोर एवढीशी होती. तळहातावर मावेल म्हणतात तशी, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात. जानेवारीचे दिवस. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनाच ती ठाऊक. डॉक्टर भालचंद्र आठल्ये मुलांचे डॉक्टर होते. बोलणं कमी, पण खोटी आशा लावायची सवय नव्हती. ते म्हणाले, "हिला ऊब हवी आणि आईचं दूध हवं. परदेशात अशा मुलांसाठी काचेच्या गरम पेट्या असतात. आपल्याकडे नाहीत. कापूस आहे, गरम पाण्याच्या बाटल्या आहेत."

"आणि मी आहे," मागून आवाज आला.

तो सुलोचनाबाईंचा. महिपतरावांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि आई गेल्यावर महिपतला त्यांनीच वाढवलेलं. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बाटल्या निवतात आणि कापूस सरकतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी पोरीला उघडीच उचलली, चोळीच्या आत छातीशी धरली आणि वरून जाड शाल घट्ट लपेटून घेतली. इंदुताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पोरीच्या पायाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या. बाटलीपेक्षा बरं आहे हे."

होळी येईपर्यंत हेच चाललं. विजयाबाई दूध काढून द्यायच्या, इंदुताई ड्रॉपरनं थेंब थेंब पाजायच्या, आणि उरलेला वेळ पोर आत्याच्या उराशी. सुलोचनाबाई जेवायच्या तशाच, जप करायच्या तशाच, भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या त्याही तशाच. पोर बाळसं धरू लागली. नाव ठेवलं वनमाला, आणि घरात झाली वनू.

बाळसं धरलं तरी डॉक्टर आठल्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. वनूच्या छातीला नळी लावली की ते नको तितका वेळ ऐकत बसत. एके दिवशी त्यांनी महिपतरावांना बाजूला घेतलं.

"हृदयाचा आवाज लब्-डब्, लब्-डब् असा तुटक हवा. हिचा मध्ये थांबतच नाही. गिरणीचं चाक फिरावं तसा सारखा चालू असतो."

"म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात दोन जाड नळ्या काढल्या. "मूल पोटात असतं तेव्हा त्याची फुप्फुसं मिटलेली असतात. रक्तानं तिकडे जाऊन उपयोग नसतो. म्हणून निसर्गानं या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये एक छोटी आडवाट ठेवलेली असते. मूल जन्मलं, रडलं, की ती वाट आपोआप बुजते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची कधीकधी उघडी राहते. हिची राहिली असावी. बुजेलही. पण हृदयावर किती ताण पडतोय ते मला बघायचंय. फोटो काढा."

तेव्हा महिपतरावांना पहिल्यांदा आपल्या यंत्राचा राग आला. संस्थानच्या जमान्यातलं ते यंत्र मोडक्या हाडांना चांगलं होतं. हाड बिचारं हलत नाही. छातीचा फोटो काढताना ते रोग्याला सांगत, "लांब श्वास घ्या, धरून ठेवा." शिपायाला सांगता येतं, शेतकऱ्याला सांगता येतं. दोन महिन्यांच्या पोरीला काय सांगणार? तिचा श्वास चिमणीसारखा भरभर चालायचा, आणि यंत्राला किरण सोडायला वेळ लागायचा. विजयाबाईंनी तिचे हात धरले, त्यांनी स्वतः शिशाचा झगा चढवून बटण दाबलं. फिल्म धुऊन उजेडासमोर धरली तर बरगड्यांच्या मधोमध धुक्याचा एक गोळा. हृदय मोठं आहे की हललं आहे, सांगता येईना. पुन्हा काढला, तोच गोळा.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "तान्ह्या मुलीवर उगाच किरण टाकायचे नाहीत. नवं यंत्र आलं की बघू."

नवं यंत्र आलं होतं, हीच तर मौज. ते इस्पितळाच्या पडवीत लाकडी पेट्यांमध्ये बंद होतं. नव्या राज्याला ग्वाल्हेर आणि इंदूर अशी दोन थोर शहरं, आणि जे एकाला मिळेल ते दुसऱ्यालाही हवं असायचं. यंत्र मागवलं तेव्हा संस्थान होतं. ते बंदरावर उतरलं तेव्हा मध्यभारत झालं होतं. आता ते कुठे बसवायचं, याचे कागद कुठल्याशा टेबलांवर फिरत होते. महिपतराव जाता-येता त्या पेट्यांवर हात ठेवत. पावसाळ्यात पेट्यांखाली विटा घातल्या, वरून ताडपत्री टाकली. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

वनू चालायला लागली, आणि पेट्या तिथेच होत्या. शेवटी डॉक्टर आठल्ये स्वतः उठून मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत गेले. तिथे काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता आणि हातात मंजुरी होती. दिल्लीहून बसवणारा माणूस आला. त्यानं पेटीतून काढलेली नवी नळी कौतुकानं दाखवली. आतली चकती भोवऱ्यासारखी गरगर फिरते, म्हणून तापत नाही, आणि म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे किरण एकदम सोडता येतात.

"धडकता हुआ दिल भी ऐसा आएगा जैसे खड़ा हो," तो म्हणाला.

महिपतरावांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच हृदय होतं.

वनूची फिल्म त्यांनी लाल दिव्याखाली धुतली. आधी खांदे उमटले, मग बरगड्या, बोरूनं ओढल्यासारख्या स्वच्छ. आणि मग हृदय. कडा इतकी स्पष्ट की बोट फिरवावं. त्यांना आधी आनंदच झाला. असा फोटो त्यांच्या हातून कधी निघाला नव्हता. मग लक्षात आलं की ते हृदय डावीकडे जरा जास्तच पसरलं आहे, आणि ते त्यांच्या लेकीचं आहे.

"थोडं मोठं आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. वाट बघू. अजून बुजायची संधी आहे."

वाट बघणं ही गोष्ट सांगायला सोपी. वनू वाढत होती, बोलत होती, आणि अर्धं मराठी अर्धं हिंदी असं तिचं एक निराळंच बोलणं होतं. माधवगंजातल्या देवळाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच बसायची आणि म्हणायची, "आत्या, मी थक गयी. तुम्ही आगे जा, मी येते." सर्दी झाली की छातीत उतरायची. बाकी हसरी, हट्टी, खोडकर. बघणाऱ्याला ही आजारी आहे असं वाटलं नसतं. पण दरवर्षी महिपतराव तिचा एक फोटो काढत, आणि दरवर्षी ती सावली बरगड्यांच्या पिंजऱ्यात थोडी अधिक जागा घेई. मुलगी एक इंच वाढली तर हृदय दीड इंच वाढतं आहे, असं त्यांना वाटायचं. पाचव्या वर्षी डॉक्टरांनी सगळे फोटो ओळीनं उजेडात लावले आणि एकेक करून पाहिले.

"आता ती वाट आपली आपण बुजायची नाही," ते म्हणाले. "ती बांधून टाकावी लागेल. मुंबईत एक सर्जन आहेत, परदेशात शिकून आलेत. छाती उघडून ती नळी दोऱ्यानं बांधतात. ही वनू दहा वर्षं आधी जन्मली असती तर मी तुम्हाला फक्त जपा म्हणालो असतो. आता इलाज आहे."

"नाही केला तर?"

"आणखी काही वर्षं अशीच खेळेल. मग थकेल. मग फार थकेल."

घरी हे सांगितल्यावर विजयाबाईंच्या हातातली परात तशीच राहिली. बोलल्या सुलोचनाबाई.

"छाती फाडणार? खेळत्या पोरीची?"

"अक्का, डॉक्टरसाहेब म्हणतात—"

"डॉक्टरसाहेब मोठे आहेत, मान्य. पण या छातीशी धरून मी ती छाती जगवली आहे, महिपत. कुणी सुरी लावायची म्हटलं तर मला विचारायला नको? उद्या काही झालं, तर विजयाला काय तोंड दाखवशील? आणि निभावली, तरी जन्माचा व्रण. पोरीची जात आहे."

महिपतराव लढाईत मागे हटले नव्हते, पण अक्कापुढे त्यांचं कधी काही चाललं नव्हतं. घरात काही दिवस अबोला राहिला. चुलीवरच्या भाजीत मीठ कमी पडू लागलं, तरी कुणी मागेना. शेवटी तोड काढली ती विजयाबाईंनी. दुपारी भांडी आवरून त्या नणंदेजवळ जाऊन बसल्या.

"अक्का, मला फोटोतलं कळत नाही. तुम्हालाही नाही. पण डॉक्टरसाहेब काय ऐकतात, ते आपणही एकदा ऐकून यावं का?"

सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून विजयानं त्यांच्यापुढे मांडलेली ही पहिलीच सूचना असावी.

"चल," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आठल्यांनी प्रश्न विचारला नाही. वॉर्डातल्या एका पायाला प्लास्टर बांधलेल्या मुलीजवळ त्यांनी सुलोचनाबाईंना नेलं आणि नळी त्यांच्या कानांत घातली. लब्-डब्, लब्-डब्. मग वनूला समोर बसवलं. सुलोचनाबाई ऐकू लागल्या. ऐकता ऐकता त्यांनी डोळे मिटले. वनू हळूच म्हणाली, "आत्या, सो गयी क्या?" तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

नळी काढून त्यांनी ती मांडीवर ठेवली. "हा मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ही माझ्या अंगाशी होती ना, तेव्हा सारखं काहीतरी थरथरायचं इथं. मांजर अंगावर झोपलं की घुरघुरतं तसं. मला वाटायचं, पोर जगायची धडपड करते आहे, त्याचाच हा आवाज. मला तो फार आवडायचा, डॉक्टर." त्यांनी वनूकडे पाहिलं. "हा तिला थकवतो?"

"हो."

"बांधलं की थांबेल?"

"थांबायला हवा. शंभर टक्के मी सांगू शकत नाही. पण सर्जनचा हात चांगला आहे आणि मुलगी दणकट आहे. तुम्हीच केली आहे ती दणकट."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. "महिपतला सांगा, तिकिटं काढ म्हणावं. माझंही."

पंजाब मेलनं चौघं मुंबईला गेली. वनूला गाडीचं इतकं अप्रूप की आपण कशासाठी जातो आहोत हे ती विसरूनच गेली. झाशी, भोपाळ, इटारसी अशी नावं मोठ्यानं ओरडत ती खिडकीला चिकटून बसली. सर्जन तरुण होते, महिपतरावांहून लहान. त्यांनी ग्वाल्हेरहून आणलेले फोटो उजेडाला लावले आणि विचारलं, "हे कुणी काढले?"

"मी," महिपतराव म्हणाले.

"चांगले आहेत. आत काय सापडणार ते आधीच दिसतंय." एवढंच बोलून ते वनूकडे वळले आणि तिला तिच्या शाळेबद्दल विचारू लागले. वनू म्हणाली, "अभी नाही जात. पहिले तुम्ही माझा दिल ठीक करा."

ती सकाळ लांब होती. विजयाबाई बाकावर बसून एकच शेंग निवडत असल्यासारखी बोटं चाळवत होत्या. सुलोचनाबाई जप करत होत्या, आणि जप चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. महिपतराव येरझारा घालत होते. रोज दुसऱ्यांच्या मुलांना टेबलावर निजवताना आपण त्यांच्या बापांना बाहेर थांबायला सांगतो, ते काय असतं, हे त्यांना त्या लांबलचक पडवीत उमगलं.

दार उघडून सर्जन बाहेर आले. तोंडावरचं फडकं खाली ओढलं होतं, आणि त्यांचा चेहरा बघून विजयाबाई बाकावरून उठल्या. कारण तो हसत होता.

"बांधली. रेशमाच्या दोऱ्यानं दोन ठिकाणी. बांधल्याबरोबर थरथर थांबली. माझं बोट त्या नळीवर होतं."

"दोऱ्यानं?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "साध्या दोऱ्यानं?"

"साध्या नाही, आजी. चांगल्या रेशमाच्या."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि मग जे इतके दिवस दाबून धरलं होतं ते रडू त्यांना कोसळलं. आजूबाजूचे लोक वाईट बातमी समजून बाजूला झाले.

वनूला शुद्ध आली तेव्हा तिनं पहिलं पाणी मागितलं, दुसरं आत्याला मागितलं. बगलेखालून पाठीकडे गेलेला व्रण पुढे गुलाबी झाला, मग फिका. ग्वाल्हेरला परतल्यावर डॉक्टर आठल्यांनी नळी लावली आणि या खेपेस लगेच काढली. ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या फोटोत सावली आक्रसू लागली होती.

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमारास, मध्यभारतही संपलं. नवं मोठं मध्यप्रदेश राज्य झालं आणि राजधानी गेली भोपाळला. मोतीमहालातल्या कचेऱ्यांची कपाटं, टेबलं, कागदांचे गठ्ठे ट्रकांत चढू लागले. नई सडकेवरचे दुकानदार दारात उभे राहून बघत. लष्कर भागात सुतक असल्यासारखं झालं. आधी संस्थान गेलं, मग फौज गेली, आता राजधानी. जयसिंहराव म्हणून महिपतरावांच्या जुन्या पलटणीतले अधिकारी होते, त्यांच्या अंगणात रोज संध्याकाळी मंडळी जमून हळहळत. महिपतरावही जात. नाही जावं तर वाईट दिसतं. पण खरं सांगायचं तर त्यांना तिथे चेहरा सांभाळून बसावं लागे. हळहळीच्या मध्येच त्यांच्या ओठांवर हसू यायचं, आणि ते खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवायचे.

"महिपतराव, तुमच्या खात्यातल्याही पुष्कळांना भोपाळचा हुकूम आलाय म्हणे?" एकदा जयसिंहरावांनी विचारलं.

"आलाय. मलाही विचारलंय."

"मग?"

"मी नाही म्हटलं. यंत्र इथेच राहतंय."

"यंत्रासाठी राहिलात?" जयसिंहराव उदास हसले. "आता काय उरलंय हो या ग्वाल्हेरात!"

तेवढ्यात फाटकाशी पावलं वाजली. वनू आत शिरली, परकरावर चिंचेचे डाग, एका गुडघ्यावर ताजं खरचटलेलं. "बाबा, चला, जेवायला बोलावलंय. आज पिठलं आहे!" आणि सगळ्यांसमोर हात जोडायला विसरून ती आली तशी परत पळालीही.

तिच्या मागून बऱ्याच वेळानं सुलोचनाबाई आल्या. फाटकाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. "कार्टीला म्हटलं, हळू चल. ऐकते का? धावून धावून माझा जीव जायचा एक दिवस." त्यांना बोलवेना इतका दम लागला होता, आणि तोंडभर हसू होतं.

जयसिंहरावांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. महिपतरावांनी अक्कांचा श्वास खाली बसू दिला, मग त्यांना हात दिला. दोघं भावंडं, एक लंगडत आणि एक धापा टाकत, आपल्या चालीनं घराकडे निघाली.

"पिठलं निवलं असेल," अक्का म्हणाल्या.

"निवू द्या," महिपतराव म्हणाले.